नदी नसलेला किनारा

सकाळी साडेसहाला इजिप्तच्या सिनाई किनाऱ्यावरच्या दहाबचा समुद्र परातीतल्या पाण्यासारखा निश्चल असतो. वारा अजून उठलेला नसतो. समोर वीस-पंचवीस किलोमीटरवर सौदी अरेबियाच्या डोंगरांची काळी कड दिसते आणि तिच्यामागून सूर्य वर आलेला असतो. चहाच्या ठिकाणी रात्रीच्या गाद्या-उशा तशाच पसरलेल्या असतात, त्यांवर दोन-तीन मांजरं मुटकुळं करून झोपलेली. माझी खोली तिथून साठेक पावलांवर होती. मी चपला चहावाल्याच्या पायरीशी काढून ठेवायचो, मास्कची काच थुंकी लावून धुवायचो, तो चेहऱ्यावर चढवायचो आणि दगडांमधल्या वाळूच्या चिंचोळ्या पट्ट्यावरून कमरेइतक्या पाण्यात जाऊन पोटावर आडवा व्हायचो. पाच मिनिटांत प्रवाळाचा कट्टा संपायचा, त्याची कड खाली सुटायची, आणि पोटाखाली नुसती निळाई उरायची.

यासाठी बोट लागली नाही. कुणाची वेळ ठरवावी लागली नाही. जगात स्नॉर्केलिंगच्या पुष्कळ जागांवर प्रवाळ किनाऱ्यापासून दूर असतं. त्यासाठी होडी ठरवा, चार माणसं जमवा, दोन तासांचं भाडं भरा आणि वेळ संपली की परत या. दहाबमध्ये प्रवाळ गावाच्या दारात आहे. सकाळी पाहून यावं, चहा प्यावा, लोळावं, दुपारी पुन्हा जावं. पाठीवर पिशवी टाकून कमी पैशांत फिरणारी मुलं इथे तीन दिवसांसाठी येतात आणि तीन आठवडे राहतात, त्याचं खरं कारण हेच आहे. गावाच्या निवांतपणाची पुष्कळ वर्णनं लिहिली जातात, पण तो निवांतपणा आला कुठून, हे सहसा कुणी सांगत नाही. तो भूगोलातून आला आहे, आणि नेमकं बोलायचं तर पाऊस नसण्यातून.

कोकणातल्या माणसाला हे पटायला जरा वेळ लागतो. आपल्याकडे समुद्र आणि पाऊस ही जोडगोळी आहे. जूनमध्ये सह्याद्रीवर कोसळणारं पाणी सावित्री, वाशिष्ठी, कर्ली, तेरेखोल अशा वाटांनी लाल माती घेऊन समुद्रात उतरतं. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास प्रवाळ आहे आणि ते पाहण्यासारखंही आहे. पण ते बघायचं तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीची वाट पाहावी लागते आणि तेव्हाही नजर काही मीटरच्या पलीकडे क्वचितच जाते. पाण्यात गाळ असतो, आणि गाळाहून जास्त असतात ते सूक्ष्म जीव. पावसाळी वाऱ्यांनी अरबी समुद्र ढवळला जातो, खालचं खतयुक्त पाणी वर येतं, प्लवकं माजतात, त्यांवर तारली आणि बांगडा पोसला जातो. आपलं गढूळ पाणी म्हणजे आपलं भरलेलं ताट आहे, हे विसरू नये.

दहाबचं पाणी याच्या उलट. दहाब ज्याच्या काठावर आहे ते अकाबाचं आखात, म्हणजे लाल समुद्राचा उत्तरेकडचा फाटा, वाळवंटातून गेलेलं आहे. त्याला बारमाही नदी एकही मिळत नाही. पाऊस वर्षाकाठी इतका थोडा की छत्रीचं दुकान चालणार नाही. गाळ नाही, शेतातून वाहून येणारं खत नाही, म्हणून प्लवकं कमी आणि म्हणून पाणी स्वच्छ. वीस-तीस मीटरपर्यंत सहज दिसतं. हे पाणी उपाशी आहे, म्हणूनच ते पारदर्शक आहे. अशा उपाशी पाण्यात प्रवाळाचं एवढं गजबजलेलं अरण्य उभं कसं राहतं, हा प्रश्न चार्ल्स डार्विनच्या काळापासून अभ्यासकांना पडलेला आहे. उत्तर प्रवाळाच्या अंगातच आहे. दाण्याएवढा प्राणी आपल्या पेशींमध्ये एकपेशी शैवालांना घर देतो. शैवाल उन्हावर अन्न करतं आणि त्यातला मोठा वाटा घरमालकाला देतं. घरमालकाच्या अंगातून निघणारी टाकाऊ द्रव्यं शैवालाला खत म्हणून परत मिळतात. बाहेर काही वाया जाऊ न देता चाललेला हा संसार आहे, आणि त्याला हवं असतं ते मुख्यतः एकच, भरपूर ऊन. स्वच्छ पाण्यातून ते खोलवर पोचतं.

दुसरी गोष्ट जमिनीच्या रचनेची. अकाबाचं आखात ही समुद्राने झिजवून केलेली खाडी नाही, ती भूकवचाची फट आहे. अरबस्तानचा तुकडा सिनाईच्या बाजूने उत्तरेकडे सरकतो आहे. आजवर तो शंभरेक किलोमीटर सरकला आहे. त्या सरकण्यात जमीन फाटत गेली. आखाताची रुंदी कुठेही तीस किलोमीटरच्या वर नाही आणि खोली मात्र काही ठिकाणी 1,800 मीटरहून जास्त आहे. रायगडाच्या माथ्याची समुद्रसपाटीपासूनची उंची साधारण 820 मीटर, हे लक्षात घेतलं तर या फटीची कल्पना येईल. किनारा असा एकदम खाली सुटत असल्यामुळे प्रवाळाला पसरायला उथळ पठार मिळत नाही. ते काठाला चिकटून, पायरीसारखं वाढतं. म्हणून दोन-चार मिनिटं हातपाय हलवले की कड गाठता येते. मुंबईत भरती-ओहोटीत चार-पाच मीटरचा फरक पडतो, इथे तो फार थोडा, त्यामुळे दिवसातल्या कुठल्याही वेळी पाण्यात उतरायला फारशी अडचण नाही.

तिसरी गोष्ट मिठाची. नदी नाही, ऊन प्रचंड, वाफ सतत होते, त्यामुळे पाणी खारट होत जातं. जगातल्या समुद्रांत एका किलो पाण्यात सरासरी 35 ग्रॅम क्षार असतात, इथे 40 ते 41. मी पोहायला शिकलो ते गावच्या विहिरीत, पाठीला वाळका भोपळा बांधून. विहिरीच्या पाण्यापेक्षा या पाण्याचं वजन जवळजवळ तीन टक्के जास्त आहे. साठ किलोच्या माणसाला त्यामुळे सुमारे पावणेदोन किलोचा जास्तीचा आधार मिळतो. ऐकायला हे थोडं वाटतं, पण पाण्यात सगळं शरीर बुडालेलं असताना तेवढ्याने फार फरक पडतो. छातीत श्वास भरून पडून राहा, पाणी तुम्हाला सोडत नाही. न बांधलेला भोपळा पाठीवर असल्यासारखं वाटतं.

दहाब म्हणजे अरबीत सोनं. गावातले जुने लोक मुझैना टोळीचे बेदुइन आहेत. डोंगरात शेळ्या-उंट, किनाऱ्यावर खजूर आणि मासे, असा त्यांचा वर्षाचा फेरा असे. डोंगरातून येणारी एक वादी, म्हणजे एरवी ठणठणीत कोरडी असलेली नदीची वाट, इथे समुद्राला मिळते. वर्षानुवर्षं तिच्यात पाणी नसतं, मग एखाद्या दिवशी अचानक लोंढा येतो. अशा लोंढ्यांनी आणलेल्या दगडवाळूच्या पंख्यावर हे गाव वसलं आहे, आणि त्याच वाळूने प्रवाळात मोकळ्या जागा ठेवल्या आहेत. पाण्यात उतरायच्या वाटा म्हणजे त्या जागा.

बाहेरचे लोक आले ते युद्धामागून. जून 1967 च्या सहा दिवसांच्या युद्धात इस्रायलने सिनाई घेतलं. पुढच्या दशकात इस्रायली आणि युरोपीय तरुण या किनाऱ्यावर येऊ लागले, बेदुइनांच्या झावळ्यांच्या झोपड्यांमध्ये राहू लागले. 1979 च्या शांतता करारानंतर 25 एप्रिल 1982 ला इजिप्तला सिनाई परत मिळालं. तबाचा छोटा तुकडा तेवढा 1989 मध्ये मिळाला. झोपड्यांच्या जागी हळूहळू पक्क्या खोल्या झाल्या, पण नाव राहिलं ते 'कॅम्प'. आजही दहाबमध्ये कॅम्प म्हणजे तंबू नव्हे. मधोमध अंगण, भोवती साध्या खोल्या, सामाईक न्हाणीघर, अंगणात सतरंज्या आणि बुटकी मेजं, असा तो वाडाच असतो. मस्बत, मश्रबा आणि असला या वस्त्यांमधून असे कॅम्प काठाने पसरले आहेत. 90 किलोमीटर दक्षिणेचं शर्म अल-शेख विमानतळ आणि बड्या हॉटेलांचं शहर झालं. दहाब तसं झालं नाही, आणि माझ्या मते त्याचं श्रेय त्या दारातल्या प्रवाळाला आहे. बोटींची गोदी लागली नाही, म्हणून गोदीभोवतीचा बाजारही उभा राहिला नाही.

या गावाने वाईट दिवसही पाहिले आहेत. 24 एप्रिल 2006 च्या संध्याकाळी गर्दीच्या काठावर तीन स्फोट झाले आणि वीसहून अधिक माणसं मेली. त्यात बहुसंख्य इजिप्तचेच लोक होते. सिनाईतल्या रस्त्यांवर आज जागोजागी तपासणी-नाकी आहेत. पासपोर्ट खोलीवर ठेवून निघता येत नाही. निवांत गावाची ही बाजूही माहीत असावी.

आता थोडं त्या साधनाबद्दल. स्नॉर्केलिंगला लागतं ते काचेचा मुखवटा म्हणजे मास्क, एक वाकडी नळी आणि जमल्यास पायात पंखे. उघड्या डोळ्यांनी पाण्याखाली धूसर दिसतं, कारण आपल्या डोळ्याचं भिंग हवेसाठी बनलेलं आहे. बुबुळासमोर पाणी आलं की प्रकाश पुरेसा वाकत नाही. मास्क डोळ्यांसमोर हवेची खोली धरून ठेवतो, एवढंच त्याचं काम. त्याचा एक परिणाम असा की सगळं तिपटीने नव्हे, पण एक तृतीयांश मोठं आणि एक चतुर्थांश जवळ दिसतं. म्हणून नवखा माणूस बाहेर येऊन सांगतो तो मासा नेहमी थोडा वाढलेला असतो, आणि तो खोटं बोलत नसतो.

नळी साधारण वीतभर-दोन वीत लांब असते. मुलं हमखास विचारतात, ती दहा फूट लांब केली तर तळाशी बसून श्वास घेता येणार नाही का? नाही येणार. एक मीटर खाली गेलं तरी छातीच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर शंभर ग्रॅमचा दाब पडतो, आणि फुप्फुसातली हवा मात्र नळीमुळे वरच्या दाबालाच असते. बरगड्यांचे स्नायू एवढं ओझं उचलून फुलू शकत नाहीत. शिवाय लांब नळीत तुम्ही सोडलेलीच शिळी हवा पुन्हा आत येते. नळीची लांबी शरीराने ठरवलेली आहे.

शिकायचं असतं ते पोहणं नव्हे, श्वास. पहिल्या दिवशी तोंडाने श्वास घ्यायची सवय नसते, छाती धडधडते, माणूस मान वर काढतो, नळीचं वरचं टोक पाण्यात जातं, खारट घोट घशात उतरतो आणि पाय आपोआप खाली जातात. माझंही तेच झालं. पायाखाली कट्कन आवाज आला. उतरताना वाळू पाहिली होती, पण वाहत कट्ट्यावर आलो होतो. खाली पाहिलं तर फांद्यांच्या प्रवाळाचा बोटभर तुकडा मोडून पडला होता, मोडलेली जागा पांढरी स्वच्छ, हाडासारखी. ही जात वर्षाला काही सेंटिमीटर वाढते. गोलाकार, घट्ट प्रवाळं तर वर्षाला सेंटिमीटरभर किंवा त्याहूनही कमी. माझ्या एका घाबरण्याची किंमत त्या फांदीने काही वर्षांनी मोजली. तो पांढरा ठिपका पुढचे दहा दिवस मी रोज जाऊन पाहत होतो.

शांतपणे तरंगता यायला लागलं की आधी कान उघडतात. पाण्याखाली सतत बारीक कडकड ऐकू येते, भाजताना लाह्या फुटाव्यात तशी. तिच्यात मधूनच दगड कुरतडल्यासारखा मोठा आवाज येतो. तो पोपटमाशाचा. त्याचे दात जुळून चोच झालेली असते. तो प्रवाळाचा पृष्ठभाग शैवालासकट खरवडतो, घशातल्या दुसऱ्या दातांनी दगड दळतो आणि पचलेलं ठेवून उरलेला चुरा मागून सोडतो. पांढऱ्या धुरासारखी ती वाळू खाली बसताना मी अनेकदा पाहिली. डोंगरातून आलेली वाळू तपकिरी, आणि प्रवाळांमधली पांढरी वाळू बरीचशी या माशांनी दळलेली. मोठा पोपटमासा वर्षाला शेकडो किलो दळतो. रात्री त्यातल्या काही जाती तोंडातून चिकट पदार्थ सोडून अंगाभोवती पारदर्शक पिशवी करतात आणि तिच्यात झोपतात.

असलाच्या बाजूला 'ईल गार्डन' नावाची जागा आहे. ईल म्हणजे आपली वाम. कड ओलांडली की खाली वाळूचा उतार लागतो आणि त्यावर शेकडो काड्या रोवल्यासारख्या दिसतात. त्या वामा आहेत. शेपटीकडचा अर्धा भाग बिळात, वरचा भाग प्रवाहाच्या दिशेने तोंड करून डोलत असतो आणि वाहून येणारे बारीक जीव टिपत असतो. सावली पडली की समोरची रांग आत जाते, मग तिच्यामागची, मग तिच्यामागची. वाऱ्याची झुळूक जोंधळ्याच्या शेतातून जावी तसं दिसतं, फक्त इथे पीक जमिनीत शिरतं. पाच मिनिटं न हलता पडून राहिलं तर त्या पुन्हा वर येतात. घाईत असलेल्या माणसाला ईल गार्डनमध्ये फक्त वाळू दिसते.

समुद्रफुलाच्या झिपऱ्यांमध्ये राहणाऱ्या नारिंगी-पांढऱ्या माशांची जोडी सगळे ओळखतात. त्या घरात मोठी असते ती मादी. ती मेली तर नर मादी होतो आणि धाकट्यांपैकी एक नर होतो. लाल समुद्रात हजाराहून जास्त जातींचे मासे आहेत आणि त्यांतला साधारण दर सातवा जगात दुसरीकडे कुठेच मिळत नाही. हा अरुंद समुद्र हिंदी महासागराला बाब अल-मंदेबच्या चिंचोळ्या दारातून जोडलेला आहे. शेवटच्या हिमयुगात समुद्राची पातळी सव्वाशे मीटरच्या आसपास खाली गेली तेव्हा ते दार जवळजवळ बंद झालं होतं. एकटं पडलं की जीव वेगळे होत जातात.

या माशांच्या नावांमागे एक गोष्ट आहे आणि तिचा शेवट मुंबईत होतो. जानेवारी 1761 मध्ये डेन्मार्कच्या राजाने अरबस्तानच्या अभ्यासासाठी सहा जणांची तुकडी पाठवली. त्यात वनस्पतिशास्त्रज्ञ लिनेयसचा शिष्य पीटर फोर्सकोल हा निसर्गशास्त्रज्ञ होता आणि कार्स्टन नीबूर हा मोजणीदार. फोर्सकोल लाल समुद्राच्या काठाने कोळ्यांकडून मासे घेत गेला, त्यांची कातडी वनस्पतींसारखी दाबून वाळवत गेला, आणि स्थानिक अरबी नावं जशीच्या तशी टिपत गेला. निळ्या रेषांचा, शेपटीजवळ वस्तऱ्यासारखा काटा असलेला एक मासा आहे, त्याचं शास्त्रीय नाव आजही 'सोहल' आहे. पाच काळ्या पट्ट्यांच्या माशांच्या प्रजातीचं नाव 'अबुदेफदुफ' आहे. दोन्ही शब्द त्या काठावरचेच. मालवणला पाव टाकला की झुंडीने येणारे पट्टेरी मासे याच प्रजातीतले आहेत.

11 जुलै 1763 ला येमेनमध्ये मलेरियाने फोर्सकोल गेला. तो 31 वर्षांचा होता. मोहिमेतला एक जण त्याआधीच गेला होता. उरलेले जहाजाने मुंबईकडे निघाले, त्यातले दोघे समुद्रातच गेले, आणि मुंबईत पोचल्यावर काही महिन्यांनी तुकडीतला डॉक्टरही गेला. सहांपैकी एकटा नीबूर उरला. मुंबईच्या मुक्कामात तो घारापुरीला गेला, लेण्यांची मापं घेतली, चित्रं काढली. मित्राच्या टिपणांचं बाड त्याने जपलं आणि 1775 मध्ये छापून आणलं. लाल समुद्राच्या माशांचं शास्त्र त्या बाडावर उभं आहे. प्रवाळाच्या कडेवर सोहल आपली जागा राखत तुमच्या अंगावर धावून येतो तेव्हा तो त्या बाडातला मासा असतो.

गावाच्या उत्तरेला काही किलोमीटरवर 'ब्लू होल' आहे. पिकअपच्या मागच्या फळीवर बसून, कच्च्या रस्त्याने, धूळ खात तिथे जातात. किनाऱ्याला लागून प्रवाळाच्या कट्ट्यात शंभर मीटरहून खोल गोल विहीर आहे. काठावरून उतरून मास्कमधून खाली पाहिलं तेव्हा मला लहानपणी कठड्यावर वाकून पाहिलेली आमची विहीर आठवली. फक्त इथे मी पाण्याच्या वरच्या पातळीवर पडून होतो आणि खाली निळ्याचं काळं होत गेलं होतं. भिंतीवर नारिंगी रंगाचे इवले मासे हजारोंनी, पोटात मात्र गोळा. स्नॉर्केलिंग करणाऱ्याने काठ धरून फिरावं, त्याला इथे धोका फार नाही.

धोका आहे तो खोल जाणाऱ्याला. विहिरीच्या भिंतीत पन्नास मीटरहून खाली एक कमान आहे आणि तिच्यातून पंचवीसेक मीटरचा बोगदा मोकळ्या समुद्रात निघतो. हौशी डायव्हरची मर्यादा 40 मीटरची. त्याखाली साध्या दाबलेल्या हवेतला नायट्रोजन दारूसारखा चढतो, निर्णय बिघडतो, आणि स्वच्छ पाण्यामुळे पलीकडचा उजेड हाताशी असल्यासारखा वाटतो. हवा नेहमीपेक्षा कितीतरी झपाट्याने संपते. किनाऱ्यावरच्या कड्यात गेलेल्यांच्या नावांच्या पाट्या बसवलेल्या आहेत. बहुतेक वयं विशी-तिशीची. चहा पिताना त्या डोळ्यांसमोर येतात आणि मला वाटतं त्या तिथे आहेत हे बरं आहे.

दुपारी वारा सुटतो, उत्तरेकडून, जोरात. मग पाणी खवळतं, शिडांच्या फळ्यांवर खेळणारे खाडीकडे जातात, बाकीचे सावलीत आडवे होतात. बेदुइन चहात 'हबक' नावाचा पुदिन्याच्या जातीचा पाला किंवा 'मरमरिया' नावाचा दुसरा पाला घालतात, साखर भरपूर. निखाऱ्यांखाली राखेत भाजलेली 'लिब्बा' भाकरी राख झटकून हातात देतात. आपल्या हुरड्याच्या आगटीची आठवण येते. गल्लीत 'फूल' म्हणजे कडधान्याची उसळ आणि 'तामिया' म्हणजे तळलेले वडे मिळतात, आणि मिळते कोशरी: भात, मसूर, मॅकरोनी, हरभरे, वर तळलेला कांदा आणि टोमॅटोचं आंबट पाणी. कोशरीचं मूळ हिंदुस्थानच्या खिचडीत आहे असं मानलं जातं. प्रवासी इब्न बतूताने चौदाव्या शतकात हिंदुस्थानातली मूग-तांदळाची 'किश्री' नोंदवून ठेवली आहे. शाकाहारी माणसाची दहाबमध्ये आबाळ होत नाही. ज्यांना पायांना काम द्यायचं असतं ते रात्रीच्या गाडीने 2,285 मीटर उंचीच्या जबल मूसाला जातात, सूर्योदय पाहतात आणि पायथ्याचा सहाव्या शतकातला सेंट कॅथरिनचा मठ पाहून परततात. नीबूर 1762 मध्ये त्या मठाच्या दारापर्यंत गेला होता, त्याला आत घेतलं नाही. मी गेलो नाही. मला वामा पुरल्या.

या प्रवाळाबद्दल एक आशेची गोष्ट आहे. पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा एक-दोन अंश तापून तसंच राहिलं की प्रवाळ आपल्या शैवालांना बाहेर काढतं, पांढरं पडतं, आणि बहुधा मरतं. जगभर हे घडतं आहे. अकाबाच्या आखातातली प्रवाळं मात्र प्रयोगांत त्याहून बरंच जास्त तापमान सोसतात. सागरी जीवशास्त्रज्ञ माओझ फाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2013 मध्ये याची मांडणी केली. हिमयुगानंतर बाब अल-मंदेबचं दार पुन्हा उघडलं तेव्हा प्रवाळाची पिल्लं दक्षिणेकडून आत आली. लाल समुद्राचा दक्षिण भाग फार गरम आहे. त्यातून जी तगली तीच उत्तरेच्या गार पाण्यात पोचली, आणि उष्णता सोसायची ताकद त्यांच्या वंशात राहिली. शतकाच्या शेवटी जगात जी थोडी प्रवाळं उरतील त्यांत ही असतील, असं अभ्यासकांना वाटतं.

उष्णता सोसणाऱ्या प्रवाळाला टाच सोसत नाही. सांडपाणी, प्लास्टिक, माशांना टाकलेला पाव हेही त्याला सोसत नाही. ऑक्सिबेन्झोन असलेली सनस्क्रीन घातक मानून हवाईने 1 जानेवारी 2021 पासून तिची विक्री बंद केली. दहाबमध्ये पाठीवर क्रीम थापण्यापेक्षा लांब बाह्यांचा सदरा आणि पोटऱ्या झाकणारी विजार घालून उतरावं. पोटावर तरंगताना भाजतात त्या मांड्या आणि पोटऱ्याच.

जायचं असेल तर मार्च ते मे किंवा सप्टेंबर ते नोव्हेंबर हे दिवस बरे. हिवाळ्यात पाणी 21 अंशांपर्यंत उतरतं, अर्ध्या तासात हुडहुडी भरते. भारतीय पासपोर्टला इजिप्तचा व्हिसा सहसा आधी काढावा लागतो. इजिप्तचा वाणिज्य दूतावास मुंबईत आहे, तिथे चालू नियम विचारून घ्या. दक्षिण सिनाईची त्या वेळची परिस्थितीही विचारा. मास्क स्वतःचा न्या, आपल्या चेहऱ्याला घट्ट बसणारा. दगडासारखा दिसणारा विषारी मासा वाळूत पडून असतो, म्हणून उतरताना पायात जाड तळाचे बूट असू द्या. काटा लागलाच तर सोसेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवा आणि डॉक्टरकडे जा. एकट्याने उतरू नका.

निदान आठवडा काढा. पहिल्या दिवशी कड गाठायची घाई करू नका. कमरेइतक्या पाण्यात पोटावर पडून नुसता श्वास घ्यायला शिका. घाबरायला झालं तर पाठीवर वळा, ते खारट पाणी तुम्हाला धरून ठेवील. आणि खाली वाळू दिसत असेल तेव्हाच पाय टेका.